लंगडं टेबल

आमचं जेवणाचं टेबल लंगडं असल्यामुळे एका पायाखाली माझा जाडजूड शब्दकोश असतो. परदेशी शिष्यवृत्तीसाठी नातीची लॅपटॉपवर मुलाखत होती. चेहरा दिसावा म्हणून शब्दकोश लॅपटॉपखाली गेला आणि टेबल डुगडुगायला लागलं. शेवटी मीच टेबलाखाली बसून पाय धरला. “आजोबा, शिंकू नका हं!” “तू बोल गं. मी फर्निचर आहे.” प्रश्न सुरू झाले. हात सोडला तर पोर इथेच राहील, असा चोरटा विचार आला. मी दोन्ही हातांनी पाय आवळला. “तिकडे एकटी राहशील?” परीक्षकांनी विचारलं. “एकटी कुठे?” म्हणत तिने लॅपटॉपच टेबलाखाली आणला. मी पाय सोडून लाजून हात हलवला, टेबल कललं आणि वरचा शब्दकोश धाडकन पडला. परीक्षक हसले. आता ती तिकडे शिकते. शब्दकोश पुन्हा पायाखाली आहे. “आजोबा, टेबल हलतंय?” फोनवर विचारते. “हलतंय की. धरून बसलोय.”