भिंतीवरचे ठोके

दुकान गुंडाळताना मिठाईचा डबा घेऊन शेजाऱ्यांकडे जायचं आणि वाकून माफी मागायची, ही ओसाकातल्या आमच्या गल्लीची रीत. मी आणि कान्जी, आम्ही दोघं तर बारा वर्षं पत्रे, करवती आणि भंगार यंत्रांच्या खडखडाटाचं संगीत करून त्याच्या कॅसेटी काढत होतो. एकेकाळी त्या थेट बर्लिनपर्यंत गेल्या. आता फुकटसुद्धा कुणी नेईना, म्हणून सामान विकून आम्हीही गाशा गुंडाळत होतो.

धास्ती होती ती भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या तेराउचीबाईंची. आमचं रेकॉर्डिंग सुरू झालं, की त्या लाकडी मोजपट्टीने दणादण भिंत ठोकायच्या.

"बाई, एक कबूल करायचंय," डबा पुढे करत कान्जी पुटपुटला. "रेकॉर्डिंगमधले तुमचे ठोके आम्ही कधी पुसलेच नाहीत. आमच्या सगळ्यात खपलेल्या कॅसेटमध्ये ताल तुमचाच आहे."

बाईंनी कपाट उघडलं. कापडाच्या ताग्यांशेजारी आमच्या झाडून सगळ्या कॅसेटी लावलेल्या होत्या.

"माहितेय मला. उगीच का रोज ठोकत होते? पण तिसऱ्या गाण्यात एक ठोका उशिरा पडलाय, तो तेव्हापासून सलतोय."

त्यांनी मोजपट्टी उचलली.

"एखादा माईक विकायचा राहिलाय का रे?"