खवल्या मेला ते पान

"टोपली ओत, नाई तर आज खवल्या मरते," हर्षा म्हणाली आणि पुस्तकात बोट घालून थांबली.

मोहाची फुलं अजून पडतच होती. एक मंगलीच्या केसांत अडकलं. तिनं ते काढलं नाही. टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती ना.

पुस्तक शाळेच्या पेटीतलं. त्यात एका राक्षसानं नदी चोरलेली आणि ती परत आणायला चार प्राणी जंगलातून निघालेले. हर्षानं पहिल्याच दिवशी प्राणी वाटून टाकले होते. अस्वल तिचं स्वतःचं, कारण ती आठवीत. पहिलीतल्या आचलला खार, गुड्डूला घोरपड आणि तिसरीतल्या मंगलीला खवल्या मांजर, संकट आलं की अंगाचा गोळा करून घेणारं. वाचायचं फक्त हर्षानं. बाकीच्यांनी पहाटेपासून वेचलेला मोह पाळीपाळीनं तिच्या पोत्यात ओतायचा. जो ओतणार नाही, त्याचा प्राणी मरणार.

गुड्डूची घोरपड परवाच मेली होती. तो अजूनही यायचा, पण मेलेल्यानं मधे काही विचारायचं नाही, असा नवा नियम हर्षानं काढला होता.

"आज नाई ओतत," मंगली म्हणाली. "काल रिकामी टोपली नेली तं मायनं मारलं." तिनं पोटरी पुढे केली. फोकाचे वळ अजून लाल होते.

हर्षानं ते वाकून नीट पाहिले. "दुखते?"

"हो."

"मंग खवल्याचं बी ऐक." तिनं पुस्तक उघडलं आणि घसा साफ केला. "राक्षसाचा वाघ समोर आला. खवल्यानं अंगाचा गोळा केला. वाघानं तो गोळा उचलून दगडावर आपटला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गोळा उकलला. आतलं पोट मऊ होतं..."

"थांब!"

मंगलीनं टोपली पोत्यात उपडी केली. तळाला एक फूल चिकटलं होतं, तेही नखानं खरवडून टाकलं. "ओतली ना! पुरी ओतली! सोड आता त्याले!"

हर्षानं पोत्याचं तोंड आवळलं.

"म्या काय करू? छापलेलं हाय. काऊन उशीर केला?"

आचल टाळ्या पिटत उड्या मारायला लागली. "खवल्या मेला! मंगलीचा खवल्या मेला!" तिची टोपली काठोकाठ भरलेली होती, तिची पाळी अजून यायची होती. गुड्डूही हसला. आता तो एकटा नव्हता.

मंगली रडली नाही, तिथंच खाली बसली. "मले ते पान दाखव," ती म्हणाली.

"तुले वाचता कुठं येते वं?"

तेवढ्यात उताराकडून हर्षाच्या मायनं हाक दिली. तिथं ताडपत्रीवर मोह वाळत होता. पोतं ओढायला दोन्ही हात लागणार होते. आचल-गुड्डूच्या हातात पुस्तक दिलं असतं तर त्यांनी फाडलं असतं. हर्षानं ते मंगलीच्या मांडीवर टाकलं. मंगलीला वाचता येत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. जोडाक्षर आलं की ती अडायची आणि गुरुजी मागच्याला उठवायचे. पण इथं मागचा कोणी नव्हता आणि घाईही नव्हती.

तिनं ओळीखाली बोट ठेवलं. तिला फक्त तो कुठं मेला ते बघायचं होतं.

पान उलटलं. अजून एक. वाघ कुठंच नव्हता. ख, व, ल्या. तिथं बोट थांबलं. खवल्या म्हणाला. तिनं परत वाचलं. मेलेला कसा म्हणेल? मग ती थेट शेवटच्या पानावर गेली आणि एकेक अक्षर लावत बसली. चौ-घे-ही न-दी-त उ-त-र-ले. पुढे चार नावं होती. तिनं ती दोनदा मोजली.

हर्षा धापा टाकत परत आली. तिनं आधी मंगलीचं बोट पाहिलं, मग पान.

"घोरपड बी हाय इथं," मंगली हळूच म्हणाली.

हर्षा तिच्याजवळ उकिडवी बसली. "सांगू नोको कोनाले. उद्यापासून तुही टोपली नाई घेत."

"उद्याचं उद्या. आज मायले काय दाखवू?"

हर्षानं उताराकडे पाहिलं. मायनं पोतं रिकामं करून मोह पसरला होता. "ते तं गेलं ढिगात."

मंगलीनं मान वर केली. आचल अजून गातच होती. मेला, मेला, मंगलीचा मेला. मंगली उठली आणि हर्षा ज्यावर बसून वाचायची त्या दगडावर जाऊन बसली. हर्षा खालीच, पोरांच्या बाजूला सरकली.

"आता मी वाचते," मंगली म्हणाली.

गुड्डू गुडघ्यांवर रांगत पुढे आला. त्यानं पुस्तकाकडे बोट केलं. "माही घोरपड..."

मंगलीनं त्याच्याकडे पाहिलं. चार नावांतलं तिसरं तिच्या अंगठ्याखाली होतं.

"मेलेल्यानं इचारायचं नाई," ती म्हणाली.

मग तिनं शेवटच्या ओळीखाली बोट टेकवलं आणि ते सावकाश, न अडखळता सरकवत नेलं.

"खारीचा पाय फाशात अडकला."

आचलचं गाणं थांबलं. मंगलीनं पायानं आपली रिकामी टोपली तिच्यापुढे सरकवली.