आत उरलेलं माणूस

कॅनडातल्या विनिपेगच्या नव्या आइस हॉकी रिंकमध्ये माणसं मोजणारं यंत्र बसवलं होतं. आग लागली तर आत कोणी उरलंय का, हे बंबवाले त्याच्याच आकड्यावरून ठरवणार. म्हणून नगरपालिकेच्या ओडेटबाई नीट तपासल्याशिवाय सही करणार नव्हत्या.

सगळ्यांना बाहेर काढलं, तरी पडद्यावर आकडा होता एक.

"सासूला आत विसरलास का रे?" बाईंनी यंत्र बसवणाऱ्या कंपनीच्या डॅरिलला विचारलं.

"ती एकटीच चौघांइतकी भरते, मॅडम."

हसत हसत बाई स्वतः आत गेल्या. बर्फावर, बाकांखाली, कुठेच कोणी नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून डॅरिलचा आवाज आला, "हं, आता शून्य झालं. करा सही, मॅडम."

"अरे, मी आत आहे," असं म्हणायला बाई दाराकडे वळल्या.

दारापलीकडून त्यांच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "आण पेन."