खातरजमा

बेल मॅडमनी स्वतः वाजवली. "तू माझ्या मागे उभी राहा. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

ती मागे सरकली. तिचा फोन मॅडमच्या पर्समध्ये होता. गाडीत बसल्या बसल्या मॅडमनी हात पुढे केला होता, "दे इकडे. उगाच आधी कळवशील." पीएचडीची गाईड म्हणजे सासूच, असं हॉस्टेलवर सगळ्या म्हणायच्या. पण सासूनेही फोन काढून घेतल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमचंही अगदीच चूक नव्हतं. आधीच्या एका विद्यार्थ्याने मुलाखती घरी बसून रचल्या होत्या आणि भर समितीत मॅडमना खाली मान घालावी लागली होती. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत. तिच्या चौथ्या प्रकरणावर त्यांनी लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं : ही बाई खरंच आहे का?

प्रकरण पुनर्वसनाचं होतं. रस्त्यासाठी वस्ती उठवली, माणसं या इमारतींत आणून ठेवली, पुढे त्यांचं काय झालं. त्यात शिवणकाम करणारी एक बाई पानंच्या पानं बोलली होती. ती त्यांना मावशी म्हणायची. घर थोरल्या बहिणीच्या नावावर. बहीण वारली, ते कचेरीत कळवलेलं नाही. कळवलं तर घर गेलं.

"इतकं कोण कुणाला सांगतं?" मॅडम म्हणाल्या होत्या. "पत्ता दे, नाहीतर प्रकरण काढून टाक." तिने बरेच दिवस टाळाटाळ केली. मग दिला.

दार साखळीपुरतं उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. मावशींनी टाचणी काढली. "कोण पाहिजे?"

"विद्यापीठातून आलोय. ही मुलगी तुमच्याकडे मुलाखतीला यायची का?"

मावशींची नजर मॅडमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली, मग हातातल्या फायलीवर. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुणाला तरी ओरडून सांगत होतं, "कचेरीची गाडी आलीय गं!"

"कुठली मुलगी?"

"ही. माझ्या मागे उभी आहे ती."

"नाही हो. आमच्याकडे कोण येतंय?"

"नीट बघा."

"बघितलं की. मी नाही ओळखत."

खरं करून दाखवणं सोपं होतं. आतल्या खोलीत मापाचा पुतळा आहे, त्याला मावशी 'आमचे हे' म्हणतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती मॅडमच्या मागेच उभी राहिली.

"घर तुमच्याच नावावर आहे ना?" मॅडमनी जाता जाता विचारल्यासारखं विचारलं.

मावशींनी गळ्यातला टेप सारखा केला.

"बहिणीचं आहे. ती बाजारात गेलीय."

दार लागलं.

जिना उतरताना मॅडम पुढे होत्या. एवढ्या वर्षांचं काम, आणि आता आपणही त्या रचणाऱ्या विद्यार्थ्याच्याच पंगतीला. गाडीपाशी आल्यावर मॅडमनी पर्स उघडून फोन तिच्या हातात दिला.

"बाई खरी आहे," त्या म्हणाल्या. "दारात दोन परकी माणसं आली, तर कुणीही दोघांकडे बघतं. मी नीट बघा म्हटलं, तरी तिने तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. प्रकरण राहू दे. चांगलं झालंय."

तिला हायसं वाटायला हवं होतं.

"मॅडम, एक मिनिट हं. आलेच." ती उलट जिना चढत वर गेली.

या खेपेला तिने बेल वाजवली नाही. दारावर बोटांनी हळूच टकटक केली. "मावशी, मी आहे. एकटीच आहे."

आतून पावलं दाराशी आली. कडी मात्र हलली नाही.

"मावशी, त्या कचेरीतल्या नाहीत. त्या कुणाला सांगणार नाहीत. त्यांना नुसती खात्री..."

मग दारापलीकडून आवाज आला, शेजारी ऐकू जाऊ नये एवढा हळू.

"माझ्याकडे एक मुलगी यायची. पत्ता कुणाला देणार नाही म्हणाली होती. तुला कुठे भेटली तर सांग तिला. विचारायला आले होते, पण मावशीने ओळख दिली नाही म्हणावं."