पानामागच्या गोगलगायी

“डावीकडे... अजून थोडी खाली... हं, धर आता!”

स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या चुंग-मिंगच्या कानावर गल्लीतल्या कोचा आवाज पडला आणि पाठोपाठ बायकोचं हसू. अख्ख्या संसारात ती आपल्यापाशी अशी कधी खुदखुदली होती, ते त्याला आठवेना.

तो किटली घेऊन बाहेर आला. फिश टँकसमोर दोन स्टुलं आणि एकमेकांना टेकलेली दोन डोकी. कोने शिऊ-युनचं मनगट धरलं होतं. तिच्या हातातल्या लांब चिमट्यात वाटाण्याएवढी एक गोगलगाय होती.

“एका गोगलगायीला दोन माणसं लागतात होय?” चुंग-मिंगने विचारलं.

“या की, तिसरे तुम्ही व्हा,” को म्हणाला. मनगट मात्र त्याने सोडलं नाही.

टाकी शिऊ-युनची. लेक लग्न होऊन तैपेईला गेली, तेव्हा रिकामपण घालवायला तिने ती हौसेनं सजवली होती. मागे उंच गवत, मध्ये लाल देठांची झुडपं, दगडांवर मऊ शेवाळ, त्यात इवल्याशा कोळंब्या. मग कुठल्याशा नव्या रोपट्याला चिकटून गोगलगायींची अंडी आली आणि बघता बघता काचेवर, पानांवर त्यांचंच राज्य झालं. गल्लीच्या टोकाला कोचं पाळायच्या माशांचं दुकान होतं. बायको वारल्यावर त्याने ते बंद केलं होतं. सल्ला विचारायला म्हणून शिऊ-युनने त्याला बोलावलं, तेव्हापासून तो येतच राहिला.

“औषध टाकून एकदाचा निकाल लावा ना,” चुंग-मिंग सुरुवातीलाच म्हणाला होता.

“गोगलगायींबरोबर कोळंब्याही मरतील,” को म्हणाला. “शिवाय मेलेल्या गोगलगायी कुजून पाणी नासेल. माशांना खाणं कमी टाकायचं आणि हातानं वेचत राहायचं. वेळ लागतो.”

तुला वेळच हवाय, चुंग-मिंग मनात म्हणाला.

आयुष्यभर स्कूटरी दुरुस्त केलेला माणूस तो. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी त्याला कळायचं. घरातला बदल कळणार नाही होय? शिऊ-युन हल्ली बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसे. त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघून हसायची. रविवारचा मासा तळणं तिने सोडलं होतं; म्हणे तेलाचा वास सोसत नाही. स्वतःची स्कूटर तिने भाचीला देऊन टाकली आणि बाजाराला पायी जाऊ लागली. बरोबर को.

“अहो, तुमची बायको काल भेटली हं देवळापाशी,” खालची नूडलवाली एकदा डोळे मिचकावत म्हणाली. “कोच्या हातात हात घालून. नवी नवरी वाटत होती!”

चुंग-मिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायचं कसं? गोगलगायींवरून भांडतो म्हणून गल्ली हसली असती. त्यापेक्षा गोगलगायीच संपवू. मग कुठल्या तोंडानं येतो ते बघू.

कोनेच बोलता बोलता सांगितलेली युक्ती त्याने उचलली. झोपण्याआधी टाकीत उकडलेलं कोबीचं पान सोडायचं आणि पहाटे, बायको उठण्याआधी, त्यावर जमलेल्या गोगलगायींसकट ते उचलायचं. उरल्यासुरल्या त्याने चिमट्यानं वेचल्या. पानाच्या पाठीवरचे अंड्यांचे चिकट ठिपके नखानं खरवडले. शेवटी बॅटरीच्या उजेडात पान न् पान उलटून पाहिलं. औषधालासुद्धा गोगलगाय उरली नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने सहज विचारावं तसं विचारलं, “आ-युन, टाकीत आहेत का गं अजून गोगलगायी?”

“अरे बापरे, बेसुमार!” तिने वाटीतलं सूप ढवळत म्हटलं. “आज दुपारीच पाहिल्या. को दादांना यावंच लागणार अजून.”

चुंग-मिंगने वाटी बाजूला सारली. इतकं सफाईदार खोटं? तेही त्या कोसाठी?

दुसऱ्या दिवशी दुपारी को आला, तो आत न येता दारातच थांबला. “रोपं बघायला जातोय आम्ही,” शिऊ-युन म्हणाली. तिने नवी चप्पल घातली होती. गॅलरीतून चुंग-मिंगने पाहिलं. जिना उतरल्याबरोबर तिने कोचा दंड धरला आणि ती त्याला बिलगून गल्लीच्या वळणाआड गेली.

तो आत आला. बाह्या सरसावल्या आणि टाकीत हात घातला. लाल देठांची झुडपं मुळासकट उपटली. उंच गवत मुठी मुठीनं ओढलं. शेवाळ दगडांसह बाहेर काढलं. पाणी गढूळ झालं, मासे सैरावैरा पळाले. नंतर त्याने पाणी बदललं, वाळू सारखी केली, गाळणयंत्र चालू केलं. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली, तेव्हा त्याने झाडांनी गच्च भरलेली पिशवी स्वतःच्या हातानं गाडीत भिरकावली. झाडंच नाहीत, तर गोगलगायी कुठल्या? आणि को कुठला?

ती दोघं परतली तेव्हा दिवे लागले होते.

“रोपं कुठायत?” चुंग-मिंगने विचारलं.

“मनासारखी मिळाली नाहीत,” शिऊ-युन म्हणाली. हात रिकामे होते.

“असू दे. तुझी टाकी बघ जरा. तुझ्यासाठी मी सगळं नीट करून ठेवलंय.”

तिच्या मागून को आत आला. त्याची नजर टाकीवर गेली. नुसतं पाणी, उघडी वाळू आणि कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे असलेले मासे. त्याने चुंग-मिंगकडे पाहिलं आणि मग शिऊ-युनकडे.

शिऊ-युन स्टुलावर बसली. चुंग-मिंग हाताची घडी घालून वाट बघत उभा राहिला. आता ओरडेल. आता रडेल. रडू दे. मग मनातलं सगळं तोंडावर फेकू.

तिने काचेशी चेहरा नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच मान फिरवली. मग त्याच्या खांद्यापलीकडे बघून ती हसली.

“किती सुरेख दिसतंय रे, आ-मिंग! झाडं एवढी दाट झाली की मासे लपले असतील बघ त्यांच्यात.”