पंख कधी उचलायचा

बाळांनो, डोंगराच्या पायथ्याचं गवताळ मैदान डोळ्यांसमोर आणा. तिथे एक बिनइंजिनाचं विमान एका पंखावर कलून उभं आहे आणि टेकलेल्या पंखाच्या टोकाशी दहा वर्षांची कालिना थांबली आहे. तिने पंख उचलून सरळ धरला, की मगच विमान दोराने ओढून आकाशात सोडतात. पुढच्या खुर्चीत तिचे आजोबा, ओल्गेर्द, पट्टे बांधून बसले आहेत. चाळीस वर्षं ते कुणाच्या देखरेखीशिवाय उडत आले. यंदा परवान्याचे नियम बदलले आणि डोळ्यांच्या तपासणीनंतर त्यांच्या परवान्यावर एक ओळ आली: मागे दुसरा वैमानिक असेल तरच उडावे. म्हणून मागे तिमेक बसला आहे, ज्याला उडायला त्यांनीच शिकवलं. "काका, मागे बटाट्याचं पोतं ठेवलंय समजा," तिमेक म्हणाला. "पोतं निदान माझ्या चुका मोजत नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांचा हात पट्टा सोडवायला कडीवर गेला. आजी गेल्यापासून या मैदानाशिवाय त्यांना कुठेच करमत नव्हतं. पण आज न उडताच विमानातून उतरले तर ते पुन्हा इथे येणार नाहीत, हे कालिनाला कळत होतं. मागे रांगेत दुसरी विमानं खोळंबली होती. "उचल गं पंख, म्हातारा येईल ताळ्यावर," रांगेतून कुणीतरी ओरडलं. "वैमानिकाने अंगठा वर करून 'तयार' अशी खूण केल्याशिवाय पंख उचलायचा नसतो," ती म्हणाली. तिमेकने मागून अंगठा वर केला. "तुझा नाही चालायचा, दादा. वैमानिक पुढे बसलेत." मग कालिना पंखाशेजारी गवतात मांडी घालून बसली आणि आजोबांच्या हाताकडे बघत राहिली.