स्थिर हात

दर रविवारी शैलाताई रामदासपेठेतून धाकट्या भावाला भेटायला नंदनवनला येत. चहा आला की मधुसूदनच्या हातातली कपबशी खुळखुळू लागे आणि ताईंची नजर भावजयीकडे वळे.

"काहून देते वं प्रेमा त्याले त्या गोळ्या? वजन किती वाढलं, हात कसा थरथरून राहिला. चांगल्या माणसाचं म्हातारं करून टाकलं."

मधुसूदनला ऐकू येणारे आवाज त्याच गोळ्यांनी थांबले होते. पण ताईंचा हिशेब सरळ होता: भावाचं जे बिघडलं ते गोळीच्या खात्यात, गोळी प्रेमलताच्या खात्यात, आणि जे सुधारलं ते देवाच्या.

"हाताचं डॉक्टरले सांगितलं ना ताई," प्रेमलता कावून म्हणे. "पण गोळी सोडून नाही चालत. ते आवाज सुरू झाले की घरात तुमी नसता, मी असतो."

या रविवारी मधुसूदनने बशीत चहा ओतला. थेंबही सांडला नाही. ताई हरखल्या.

"पाह्य वं! तू हातावर ठेवते ती गोळी महिनाभरापासून मोरीत टाकते तो. मीच सांगितलं होतं. हात पाहून घे आता, कसा दगडासारखा!"

मधुसूदनने कप अलगद, जराही न वाजवता खाली ठेवला आणि तो बहिणीच्या कानाशी झुकला.

"हळू बोल, ताई. पंखा ऐकून राहिला."